चोंदलेलं नाक

“झोपताना यांच्या तोंडाला लावायला चांगली रुंद चिकटपट्टी द्या हो. घोरणंही बंद आणि बोलणंही,” औषधांच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. दुकानदार हसला. त्यांच्या शेजारी उभे असलेले काकाही हसले आणि लगेच तोंड उघडून त्यांनी श्वास घेतला. सर्दीने त्यांचं नाक पार चोंदलं होतं.

नाकाने श्वास घ्यायची सवय लागावी म्हणून झोपताना मीही ओठांवर पट्टी लावते. पण लहानशी, मधोमध, त्वचेला चालणारी आणि आधी दिवसा जागेपणी लावून पाहिलेली. सर्दी असली की लावतच नाही. एवढं साधं कुणी का विचारत नाही? उपाय कुठल्यातरी शेजारणीकडून लगेच येतो. तो कधी करू नये, हे मात्र तिच्याकडेच राहतं.

मला माहीत होतं, पण सांगायचं कसं? इंग्रजी शाळेतलं माझं मराठी अनोळखी माणसांपुढे अडखळतं, आणि त्याचा मला भयंकर राग येतो. काकूंनी पट्टी पिशवीत टाकली.

“काकू, थांबा ना. काकांचं नाक बंद आहे. आज त्यांचं तोंड बंद करू नका.”