चाल शैलाची होती

मार्चअखेरची गर्दी होती. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या बँकेत काउंटरवरून मान वर करायला फुरसत नव्हती, आणि अजितरावांचा फोन वाजून वाजून बंद होत होता. शेवटी उचलला. "ताई, शैला गेली हो..." एवढंच बोलले. मागं दवाखान्यातलं कुणीतरी त्यांना बाजूला व्हायला सांगत होतं. शैलाचं किडनीचं दुखणं जुनं, डायलिसिस चालू होतं. त्यामुळे धक्का बसला म्हटलं तर खोटं होईल. राग मात्र आला. तो अजून गेलेला नाही.

आम्ही दोघी एकाच ऑर्केस्ट्रात होतो. मी गायची, ती कीबोर्ड वाजवायची. हुपरीकडच्या जैन शेतकरी घरातली मुलगी, लग्न होऊन राजारामपुरीत आलेली. तिचा नवरा, अजितराव, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. लोकांच्या वरातीत लोकांचीच गाणी वाजवून ती कंटाळली आणि एक दिवस रिक्षात मला म्हणाली, "किती दिवस दुसऱ्याचं वाजवायचं गं? आपलं कायतरी पायजे की!" मग तिनं स्वतःच्या चाली बांधायला घेतल्या. शब्द नाहीत, नुसतं संगीत. सिनेमा, मालिका, जाहिराती करणारे असं संगीत करार करून वापरायला घेतात, हे तिनं कुठूनतरी शोधून काढलं होतं. मला ते कळेना. तेव्हा म्हणाली, "घर भाड्यानं देतात का न्हाय? तसंच. ऱ्हायला द्यायचं, पण घर आपलंच."

सुरुवातीला ती मुंबईच्या कंपन्यांना केलेलं सगळं एकदम पाठवायची, सोबत स्वतःची लांबलचक हकीकत. उत्तरं येत नसत. एकानं कळवलं की कोल्हापूरचं आहे तर जरा झणझणीत करा... जणू ती मिसळ विकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. तरी हळूहळू शहाणी झाली. ज्यांना पाठवायचं त्यांची आधीची कामं बघायची, मग त्यांना शोभेल अशी एखादीच चाल निवडायची. पत्र चार ओळींचं. ऐकणारा पहिल्या काही क्षणांत ठरवतो, म्हणून चालीचा जीव सुरुवातीलाच. फाइलवर आपलं नाव आणि फोन नंबर, नाहीतर आवडली तरी शोधणार कुणाला?

आणि मग हलगीवर बांधलेली तिची एक चाल एका वेब मालिकेसाठी निवडली गेली. शीर्षकसंगीत म्हणून! तिनं बँकेत येऊन, ग्राहकांसमोर, मला मिठी मारली. कंपनीनं एवढंच मागितलं, की या चालीत ज्यांचा ज्यांचा हात आहे त्यांची लेखी संमती पाठवा. हलगीवाल्यानं त्याच दिवशी सही दिली. अडलं ते सुहासरावांपाशी. सुहासराव आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. चाल त्यांच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली होती. तेव्हा शैलानं कागद करूया म्हटल्यावर तेच हसले होते, "घरचंच काम हाय, कागद कशाला?" आता म्हणाले, "माझ्या स्टुडिओत झालंय. संगीतकार म्हणून माझं नाव पयलं लागंल."

त्यांच्यामागं आपलं नाव दुसरं लावायलाही शैला तयार झाली. मी तिच्याशी भांडले. पण सुहासरावांना तेही पुरेना. पुढच्या सगळ्या चालींत वाटा हवा होता. हे ताणत राहिलं, कंपनीच्या कानावर वाद गेला आणि त्यांचं सभ्य भाषेतलं पत्र आलं. आम्ही दुसरं संगीत निवडलं आहे, शुभेच्छा. त्यांचंही काय चुकलं? दावा असलेल्या घरात भाडेकरू कशाला येईल?

त्यानंतर तिच्याकडे कुणी साधी टाळी वाजवायला आला तरी आधी कागदावर सही घ्यायची. शिकायला येणाऱ्या मुलींना सुरांच्या आधी तेच सांगायची, "पोरींनो, चाल नंतर. आधी ती कुणाची हाय ते लिवून ठेवा." त्यांतल्या एकीचं संगीत आज एका मोठ्या मालिकेत वाजतं. शैलाला मिळाली ती किरकोळ कामं. साड्यांची जाहिरात, पर्यटनाची एक फिल्म. नाव कुठंच नाही. मी चिडायचे, ती म्हणायची, "नाव नसतं गं यात, चाल असती." मला ते कधी पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही पटलं नसावं. डायलिसिसला पडल्या पडल्या ती हातची गेलेली वेब मालिका बघायची... शीर्षक संपेपर्यंत आवाज बंद करून.

शोकसभा सुहासरावांनीच ठेवली. हॉल त्यांचा, माइक त्यांचा. शैलाच्या फोटोला हार घालून ते गहिवरले आणि म्हणाले, "आता आमची दोघांची चाल ऐकूया." हलगी सुरू झाली. तीच चाल. तेवढ्यात अजितराव उठले. सबंध आयुष्यात चारचौघांत न बोललेला माणूस.

"बंद करा ते."

"अजितराव, श्रद्धांजली हाय ही..."

"परवानगी कुणाची घेतलीसा?"

अजितरावांनी स्वतः जाऊन वायर उपसली. पुढं काय व्हावं? सुहासरावांना कुणी जाब विचारला नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी कुजबुज झाली, चहा फिरला आणि माणसं पांगली. सुहासरावांचा कार्यक्रम आजही त्याच चालीनं सुरू होतो. वकील म्हणतात, लढता येईल. अजितराव म्हणतात, लढायचं हाय, जरा दम घेऊ द्या.

परवा त्यांच्याकडे गेले होते. शैलाच्या खोलीत बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं. मी काही विचारणार तेवढ्यात ते उठले, त्यांनी पंखा बंद केला आणि मग बोलायला बसले. मी बघत राहिले. इतकी वर्षं ती रेकॉर्डिंग करताना पंख्याची घरघर नको म्हणून या खोलीत आलं की आधी बटण बंद, असा त्या घराचा नियमच होता. थोड्या वेळानं त्यांच्याही लक्षात आलं. हात बटणाकडे गेला... आणि तसाच मागं आला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले.

आम्ही घामानं निथळत, हळू आवाजात बोलत बसलो.