मोहाचा चोथा

आमच्या म्हशीला दारूची चटक माझ्या सासऱ्यांनी लावली, असं गल्लीतले लोक गमतीने म्हणत. सासऱ्यांनी स्वतः उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण कारंजा गावाबाहेर आमची वांग्या-मिरच्यांची वाडी होती आणि वाडीच्या वाटेवरच ठेकेदाराची भट्टी. मोहाची फुलं आंबवून त्यांतून दारू काढली की तळाशी फुलांचा चोथा उरायचा. भट्टीवाले तो नाल्याकाठी फेकत. सासऱ्यांना फेकलेली वस्तू बघवत नसे. ते गाडी वळवून चोथा घरी आणू लागले, आधी खतासाठी आणि मग म्हशीसाठी.

ते साल वैरणीचं वाईट होतं. कडबा सरत आला होता आणि म्हशीचं दूध उतरत चाललं होतं. त्याच दुधावर माझी पाच महिन्यांची मुलगी जगत होती. बाळंतपणानंतर मला ताप आला आणि अंगावरचं दूध गेलं ते गेलंच. घरात हे कोणी बोलून दाखवत नसे, पण धार काढताना सगळे चरवीत डोकावून बघत. सगळ्यांत आधी मी.

सासरे घमेलंभर कुटारात, म्हणजे भुशात, दोन ओंजळी चोथा कालवत. म्हैस नाक खुपसून खाई. आठ दिवसांत दूध वाढलं. मुलगी पोटभर पिऊन झोपू लागली आणि मी कामं सोडून तिच्याकडे बघत बसू लागले. भट्टीवरच्या माणसाने एकच बजावलं होतं, की आणलेला चोथा त्याच दिवशी घाला, शिळा झाला की उकिरड्यावर टाका. सासरे ते काटेकोर पाळत.

शेजारी एक बाई राहत, मी त्यांना मावशी म्हणे. मूलबाळ नव्हतं, एक शेळी होती. माझी मुलगी निम्मा दिवस त्यांच्याच मांडीवर असे. एकदा धार काढताना त्या दारात उभ्या होत्या. "काय दूध देऊन राह्यली व तुमची म्हैस," असं कौतुकाने म्हणाल्या. सासूबाईंनी चरवीवर पदर ओढला.

मग सणामुळे भट्टी बंद राहिली. दोन दिवस चोथा नाही, दूध निम्म्यावर आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरचे सगळे वाडीत होते आणि मुलगी रडून रडून लाल झाली होती. तिला पाळण्यात टाकून मी उकिरड्यावर गेले. तिथे जुना चोथा पडला होता, नाकाला झोंबेल असा आंबट. म्हशीला काय कळतंय आंबट-गोड, असा शहाणपणा मला सुचला. घमेलंभर उचलला आणि कुटार न मिसळता तिच्यापुढे ठेवला. तिने चाटूनपुसून खाल्ला. मला फार आनंद झाला होता, हे सांगताना आजही लाज वाटते.

उन्हं कलली तशी तिची डावी कूस फुगली. ती उठबस करू लागली, मग आडवी झाली आणि तोंडाला फेस आला. तेवढ्यात वाडीतून मंडळी परतली. सासूबाईंनी मला विचारलं, "काय घातलं होतं व तिले?"

"रोजचंच," मी म्हटलं.

एवढाच शब्द. खाण्याने फुगलेल्या जनावराला सासरे गोडं तेल पाजत, उभं करून चालवत. कूस टोचून वारा काढणारा एक जाणता माणूसही गावात होता. पण रोजचंच खाल्लेल्या म्हशीला कोण तेल पाजणार? सासूबाईंना कारण सापडलं. "त्या वांझेची नजर लागली माह्या म्हशीले," त्या म्हणाल्या आणि मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन आल्या. निखारे मी धरले. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर नजर खरी, असं आमच्याकडे मानतात. गोठा दोन्ही बाजूंनी उघडा, वारा भणाणत होता, ठसका लागणार कुणाला? मला हे दिसत होतं. सांग, आता तरी सांग, असं मी स्वतःला म्हणत होते आणि तोंड उघडत नव्हतं. दिवे लागायच्या आत म्हैस गेली.

सासूबाई भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बोलत राहिल्या. मावशींनी सगळं ऐकलं आणि आपलं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला गुळाचं पाणी पाजत होते. ती ते थुंकून टाकत होती. तेवढ्यात मावशी उंबऱ्याशी आल्या. पदराखाली शेळीच्या दुधाचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"पोरीले पाज," त्या म्हणाल्या. "मी तिच्याकडे पाहत नाही व."

मुलगी त्याच दुधावर वाढली. पुढे ती शाळेत शिकली आणि तिनेच मला अक्षरं शिकवली, म्हणून आज हे लिहिता येतंय. मावशी त्याच्या कितीतरी आधी गेल्या. त्या वर्षभर रोज सकाळी तांब्या घेऊन येत होत्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत होत्या. मुलगी त्यांना ओळखून दोन्ही हात पसरायची, त्यांच्याकडे झेप घ्यायची. आणि मी, सगळं ठाऊक असून, रोज तिला मागे ओढून घ्यायची.