आतली जागा

मला घरात अडगळ सहन होत नाही. आई गेल्यावर तिचा चांदीचा पेला आटवून लेकीला पैंजण करावेत, म्हणून मी अष्टमी गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. आमच्याकडे तसे तीन पेले होते, बाबांचा, आईचा आणि माझा. विलायती घाटाचे, अंगभर शिंपले आणि वळत जाणाऱ्या वेली. बाबांचा पेला ते गेले त्याच वर्षी चोरीला गेला, असं आई सांगायची.

म्हातारा बोलण्याआधी दर वेळी मागच्या फळीकडे बघायचा. त्याने पेल्यात वितळलेली काळी राळ ओतली. ती घट्ट झाल्यावर संत्र्याचं साल काढावं तशी कात्रीने वरची चांदी सोलली आणि मुशीत टाकली. हातात उरला वेलींसकट एक काळा, भरीव पेला.

"हे कशाला ठेवता?"

"चांदी आटते गो. आतली जागा कुठं जाईल?"

फळीवर असे काळे पेले, वाट्या, तांबे दाटीने उभे होते. त्याने आईचा पेला हुबेहूब तशाच एका पेल्याशेजारी ठेवला.

"हा तर बाबांचा! चोरीला गेलेला!"

"चोरीला नाय. तुझी आईच घेऊन आली होती. मग अधूनमधून यायची, इथं बसून ह्याच्याशी बोलायची."

मी चपला घालायला वळले. मागे तो फडक्याने फळी पुसत होता, त्या दोघांच्या शेजारची रिकामी जागा.

"तुझा हाय ना गो घरी?"