झोळीतली टाकी

आधी तो टाकीचं झाकण काढायचा, डोळे मिटायचा आणि टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन असा श्वास घ्यायचा, की एखादा नवाब अत्तराच्या कुपीवरही घेत नसेल. मग डोळे उघडून म्हणायचा, "हिचं पोट बिघडलंय. इंजिनाला कशाला शिव्या देता?"

झालं! भोवतीची माणसं गाणं ऐकल्यासारख्या माना डोलवायची. मी समोरच्या माझ्या दुकानातून हे बघायचो आणि खोटं सांगत नाही, माझ्या पोटात जो भडका उडायचा त्यावर होडीचं इंजिन करमाडपर्यंत गेलं असतं, तेही जमिनीवरून.

पैठण रस्त्याला आमची दुकानं समोरासमोर. काम एकच, धरणावरच्या मासेमारांच्या होड्यांची इंजिनं आणि त्यांच्या पेट्रोलच्या टाक्या. माझ्याकडं कंप्रेसर, काचेचं कपाट, कपाटात नव्याकोऱ्या लाल प्लास्टिकच्या टाक्या. त्याच्याकडं एक कडुनिंब. आणि माणसं सगळी निंबाखाली! त्याला म्हणायची 'उस्ताद'. मला म्हणायची, 'ओ प्लास्टिकवाले'.

जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो. ती भुकटी पेट्रोलबरोबर इंजिनात जाते आणि होडी ऐन पाण्यात बंद पडते. माझा उपाय सरळ होता. जुनी फेका, नवी बसवा. त्याचा उपाय ऐका. टाकी धुवायची, आत चिंचेचं पाणी आणि बारीक खडी घालायची, झाकण आवळायचं आणि निंबाला लुगड्याची झोळी बांधून तिच्यात टाकीला निजवायचं. येईल त्यानं झोका द्यायचा. आत खडी गंज खरवडणार, बाहेर गप्पा रंगणार. मासेमार झोका देतोय, दूधवाला देतोय, पोस्टमन काखेत टपाल धरून देतोय. एकदा तर एक नवरदेव वरात थांबवून, घोड्यावरून उतरून झोका देऊन गेला. माझी बायको कोथिंबीर आणायला जायची ती तासाभरानं यायची. "जरा हात लावला टाकीला," म्हणायची. आमच्या लेकरांना एवढं जोजवलं नव्हतं तिनं!

पण बापू माझा होता. धरणावर त्याची होडी आणि शाळेपासूनची आमची दोस्ती. सारं जग निंबाखाली जाईल, बापू जाणार नाही, यावर मी निर्धास्त होतो. एका सकाळी शटर वर करतो, तर समोर बापू. झोका देतोय. मी तडक रस्ता ओलांडला.

"बापू, ती टाकी मेलीय. नवी घे."

"उस्ताद म्हणतात, साफ होईल."

"हे मेलेल्यालाबी चिंच पाजतील!"

त्यांचा उस्ताद हसला. "बसा शेठ. एक झोका तुमचा."

मी दिला नाही. हात शिवशिवत होता, ती गोष्ट वेगळी.

बापू टाकी घेऊन गेला आणि मी मारुतीला नारळ बोललो. नवस नीट विचार करून केला होता. बापूला खरचटू नये, होडीला धक्का लागू नये, फक्त टाकीनं दगा द्यावा. देवानं शब्दन्‌शब्द ऐकला. त्या टाकीत पत्रा उरलाच नव्हता, सगळी गंजावर उभी होती. उस्तादाची सफाई एवढी पक्की, की गंज गेला आणि भोकं उघडी पडली. काठावर पेट्रोल भरलं आणि टाकी चाळणीसारखी गळायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो ती टाकी डोक्यावर घेऊन माझ्याकडं आला. मागं बापू आणि बापूच्या मागं निंबाखालची सगळी जत्रा. माझा दिवस! मी कॉलर सरळ केली.

"शेठ, तुमचं खरं निघालं," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "हिच्यात जीवच नव्हता. मला नाय कळलं. बापूला नवी द्या आणि नळी कशी जोडता ते मलाबी दाखवा."

तो चक्क खाली मांडी घालून बसला. मी नळी जोडली आणि जोडता जोडता मंत्र्यालाही लाजवेल असं भाषण ठोकलं. तो मन लावून ऐकत होता. आणि जाताना लोक काय म्हणाले? "लई खरा माणूस! भर रस्त्यात चूक कबूल केली." बापूचे तर डोळे भरून आले. टाकी माझी, अक्कल माझी, जिंकलो मी, आणि कौतुक त्याचं! सांगा, जळायचं नाही तर काय करायचं?

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला, उठलाच नाही.

आता माणसं माझ्याकडं येतात. बसतात आणि दिवसभर त्याच्याच गोष्टी सांगतात. परवा बापू एका नव्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "उस्तादांना चहात साखर लई लागायची."

"साखर?" मी पाना आपटला. "गूळ! गुळाचा चहा प्यायचे ते. तुला काय माहीत?"

बापू चिडला. "आरं, मी त्यांच्यापाशी बसायचो. तू कधी एक झोका तरी दिला का?"

"तू बसायचा, गप्पा हाणायचा आणि घरी जायचा," मी म्हणालो. "मी शटर उघडल्यापासून बंद करेपर्यंत त्यांच्याकडंच बघत होतो. माझ्याएवढं बघितलंय का कुणी त्यांना?"