दाजींची बसकी गाडी

गतिरोधक दिसला की आमचे दाजी गाडी थांबवायचे आणि आत बसलेल्या सगळ्यांना खाली उतरवायचे. आपण चालत पलीकडे जायचं, दाजी रिकामी गाडी तिरकी करून अलगद पलीकडे आणणार, मग आपण पुन्हा चढायचं. मोशीपासून राजगुरुनगरपर्यंतचा रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना या प्रवासाबद्दल वेगळं सांगायला नको. लग्नाला निघालेल्या बायका भरजरी साड्या सावरत कडेनं चालताहेत आणि मागं कंटेनरवाले हॉर्न बडवताहेत, असा आमचा थाट.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आणि गाडी म्हणजे गोल तोंडाची जुनी व्हॅन, भंगारवाल्याच्या दारातून सोडवून आणलेली. दाजींनी तिला मोरपंखी रंग दिला, सीटा नव्यानं शिवून घेतल्या. इथवर ठीक होतं. मग त्यांना ती खाली बसवायची हुक्की आली. माझं निगडीला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान, म्हणून आधी माझ्याकडे आले. मी साफ नको म्हणालो. तर हे चाकणच्या कुठल्याशा गॅरेजात गेले, मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कमी करून घेतले, पुढच्या स्प्रिंगा कापल्या आणि गाडी वीतभर खाली आणली. वर लो प्रोफाइल टायर चढवले, म्हणजे रिमभोवती रबराची नुसती पट्टी. माणसं बसली की टायर मडगार्डला घासायचे आणि गतिरोधकावर गाडीचं पोट टेकायचं.

"दाजी, ह्ये टायर कारचे हायेत. हिला वजन पेलणारे, जाड कडेचे टायर पाहिजेत. आन् काढलेले पाटे परत घाला," मी सांगून सांगून थकलो.

"पाव्हणं, उंच गाडी मालाची. मालकाची गाडी भुईला लागून चालती." हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. त्यांची जमीन कारखान्यात गेली आणि त्याच कारखान्याचे सुटे भाग टेम्पोत भरून ते उभा जन्म पिंपरी ते चाकण हिंडले. आपल्याच रानातून दुसऱ्याचा माल वाहायचा, गेटवरच्या पोरसवदा वॉचमननं अरे-तुरे करायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी गाडी आडवी लोळवली असती तरी मी समजून घेतलं असतं. पण त्या गाडीत माझी बहीण बसत होती.

माणूस मोठ्या मनाचा, हेही खरंच. माझं दुकान नवं होतं तेव्हा ते शिफ्ट संपवून रोज यायचे आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःचा टेम्पो रॅम्पवर चढवून ठेवायचे. रस्त्यावरनं जाणाऱ्याला दुकान चालतंय असं वाटावं म्हणून. टेम्पोला काहीही झालेलं नसायचं. व्हॅनमधली पुढची सीट अक्काची. तिथं दुसऱ्या कुणी बसायची टाप नव्हती. एवढं करून गतिरोधक आला की अक्कालाही उतरवायचे.

अक्काचे गुडघे कधीच कामातून गेले होते. दाराला धरून, ओठ आवळून ती उतरायची. एकदा मी चिडून म्हणालो, "निदान अक्काला तरी बसू द्या की राव."

"तिला बसवलं तर बाकीचे उतरतील व्हय?" दाजी म्हणाले.

व्हायचं ते चाकणजवळ झालं. एका कंपनीच्या गेटसमोर नवा गतिरोधक घातला होता, कडेला खडी तशीच पडलेली. आम्ही सगळे उतरलो. अक्का चालता चालता खडीवरनं घसरली आणि पडली. त्याच क्षणी गाडीखालून कर्रकन आवाज आला. दाजींनी उडी मारली आणि आधी गाडीखाली वाकले. सायलेन्सरवरून हात फिरवला, वर बघून म्हणाले, "वाचला." मग त्यांना अक्का दिसली. तिनं सगळं बघितलं होतं. त्यांनी मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. म्हणूनच माझा राग जात नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात दाजी स्वतःच्या हातानं तिला भरवायचे. ती खायची, पण त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. तिथून ती माझ्या घरी आली.

मग एक दिवस दाजी दुकानात आले. "पाव्हणं, उचला गाडी." मी पाटे परत घातले, स्प्रिंगा बदलल्या, मऊ शॉकअप आणि जाड कडेचे टायर बसवले. दाजी स्वतः अक्काच्या सीटवर डोळे मिटून बसले आणि मला दुकानासमोरच्या गतिरोधकावरून गाडी न्यायला लावली. पुन्हा पुन्हा. "अजून जरा मऊ," म्हणायचे. उंच झालेली ती गाडी अगदी टेम्पोसारखी दिसत होती, तरी दाजी तीच घेऊन थेट माझ्या घरी आले.

त्यांनी अक्काला सांगितलं, "गाडी उचललीया. आता कुटं उतरायला लागणार न्हाई. चल."

अक्का म्हणाली, "मी पडले तवा तुमी आदी काय बघितलं?"

दाजींनी गाडीची किल्ली खिशात घातली. "जावा तुमी," ती म्हणाली.

तरी दर रविवारी ते यायचे. खिडकीखाली गाडी लावायचे, चहा घ्यायचे, माझ्याशी टायरच्या हवेबद्दल बोलायचे आणि जायचे. ते गेले की अक्का पडदा सारून बघायची. "टायर जरा जास्तच जाड वाटत्यात," एकदा म्हणाली. मी हसलो तर माझ्यावरच खेकसली.

गेल्या भाद्रपदात दाजी झोपेतच गेले. घरात एकटे होते. दिवस वर आला तरी दार उघडेना, म्हणून शेजाऱ्यांनी तोडलं.

मी अक्काला मोशीला, तिच्या घरी नेलं. ती रडली नाही. दाजींच्या उशाशी काठी टेकून बसली. मग माझा हात ओढून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "दिवाळीला मी जाणारच हुते रे. तवर रुसून बसायचं ठरवलं हुतं. ह्या माणसानं मला धड रुसूबी दिलं न्हाई."