फोनवरची गोष्ट आणि हुंकाराचा नियम

वाचनालयातली पुस्तकं आज ना उद्या परत जातात आपापल्या कपाटात, किस्से मात्र आमच्याच डोक्यात मुक्कामाला राहतात. मी आपली भेटेल त्याला सांगत सुटते. आमचे हे म्हणतात, "मंगला, तुला ग्रंथपाल कोणी केलं? तू तर आकाशवाणी!" म्हणोत बापडे. पण लॉकडाउनच्या त्या उन्हाळ्यात देवासच्या आमच्या छोट्याशा मराठी वाचनालयात जे जे झालं, ते पोटात ठेवलं असतं तर मीच आजारी पडले असते!

सुरुवात घरपोच पुस्तकांनी झाली. वाचनालयाला कुलूप, मुलांचं उन्हाळी शिबिर रद्द, म्हातारी माणसं घरात कोंडलेली. मी म्हटलं, पुस्तकं आपणच दाराशी नेऊन ठेवू. पहिल्याच आठवड्यात एका काकूंनी पुस्तक परत दिलं. हातात घेतलं तर गरम! आणि फुगून दुप्पट झालेलं.

"काकू, हे काय?"

"अगं, इडलीपात्रात वाफवलंय. आणलंस तेव्हा दहा मिनिटं आणि आता देताना दहा मिनिटं."

मी विचारलं, "वाचून तरी झालं का?"

"वाचणार कसं? पानं सुटतच नाहीत! दुसरं दे."

हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. त्यांचा लगेच फोन. "मंगलाताई, उद्या पुस्तकामुळं कोणी आजारी पडलं तर जबाबदार कोण?" झालं, घरपोच सेवा बंद!

* * *

मग 'फोनवर गोष्ट' निघाली. रोज सकाळी अकरा वाजता एका ज्येष्ठ सभासदानं एका मुलाला फोन करायचा आणि मराठीतून गोष्ट सांगायची. आमच्या पोरांचं मराठी म्हणजे काय सांगू! शाळा हिंदी, मित्र हिंदी, आईशी बोलताना "आई, मला भूक लग रही है!" मी म्हटलं, तेवढेच चार मराठी शब्द कानावर पडतील.

नियम एकच, हुंकाराचा. तोंड दिसत नाही, पोर ऐकतंय की पळालं ते कळत नाही. म्हणून दर दोन-चार वाक्यांनी पोरानं "हं" म्हणायचंच. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

आता खरं सांगते, हा कार्यक्रम मी एका माणसासाठी काढला होता.

आप्पा धारचे. तहसीलीतून निवृत्त, वय ऐंशीच्या पुढं. दर महिन्याला बसनं देवासला यायचे, चार पुस्तकं घ्यायचे आणि दोन तास माझं डोकं खायचे. थंडीत त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या. पाठोपाठ लॉकडाउन. एक दिवस त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला.

"मंगलाताई, बाबा बोलायचेच थांबलेत हो. फोन उचलतात, कानाला लावतात आणि गप्प. शेजारी डबा ठेवतात, तोही तसाच परत जातो. मला इथून निघता येत नाही. तुम्ही काहीही करा, पण त्यांना बोलतं ठेवा!"

आप्पा आणि गप्प? मी हादरलेच. तिथल्या तिथं त्यांना फोन लावला.

"आप्पा, एक गौरी म्हणून पोरगी आहे, नऊ वर्षांची. इथं देवासला आजोळी अडकलीय. तिला गोष्ट सांगायला कोणी नाही."

पलीकडून काही नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. मी ठेवणारच होते, तेवढ्यात घसा खाकरल्याचा आवाज आला.

"नंबर सांग."

पहिल्या दिवशी पाऊण तास बोलले! दुसऱ्या दिवशी डबा संपवला. त्यांची मुलगी फोनवर रडली, मग मीही रडले.

* * *

तिसऱ्याच दिवशी माझ्या फाटकाशी आरडाओरडा. गौरीच्या शेजारचे शर्माजी, मास्क हनुवटीवर.

"मैडम, आपकी लायब्रेरी ने मेरा मिट्ठू उड़ा दिया!"

मला काही कळेना. वाचनालयाला तर कुलूप! चप्पल अडकवून त्यांच्यामागं गेले. अंगणात रिकामा पिंजरा आणि शेजारी गौरी, अगदी शांत उभी. आप्पांनी आदल्या दिवशी राक्षसाची गोष्ट सांगितली होती. त्या राक्षसाचा जीव पोपटात होता आणि कोणीतरी पोपटाची मान मुरगाळली.

"पण तू शर्माजींचा पोपट का सोडलास?"

"काका चार दिवस खांस रहे हैं ना? त्यांचा जीव पण त्यात असेल. पिंजऱ्यात कोणी पण पकडेल. आता उडून गेला, आता काका नहीं मरेंगे."

शर्माजींचा वर गेलेला हात खाली आला. मास्क नाकावर चढवून त्यांनी हळूच विचारलं, "पक्का, बेटा?"

गौरीची आई शुभदा मात्र भडकली होती. "बस्स! गोष्टी बंद! फोनला हात लावायचा नाही!" तिला परोपरीनं सांगितलं, एका म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे बाई. ती म्हणाली, "बघते."

दुसऱ्या दिवशी आप्पांना फोन करायचा मला धीर होईना. तर त्यांचाच आला! "मंगला, काय मन लावून ऐकते गं पोर!" मी देवासमोर साखर ठेवली.

* * *

दुसरीकडे आमच्या कुसुममावशी सोहमला गोष्ट सांगत. सोहम म्हणजे सहावीतला महाबिलंदर. मावशी खूश. "एकसुद्धा हुंकार चुकवत नाही गं!" पण पाचव्या दिवशी त्यांना संशय आला. गोष्ट मध्येच थांबवून त्यांनी विचारलं,

"सोहम, जेवलास का?"

"हं."

"आई कुठं गेली?"

"हं."

"तू गाढव आहेस का?"

"हं."

पठ्ठ्यानं आपला "हं" बाबांच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून तो सारखा वाजत ठेवला होता, आणि स्वतः गच्चीवर पतंग उडवत होता! मी त्याला फोनवर असा झापला की विचारू नका. तर मलाच म्हणतो, "मॅडम, नियम हुंकाराचा होता. ऐकण्याचा कुठं होता?"

* * *

मावशींचा दुसरा किस्सा ऐकून तर मी खुर्चीच पकडली. एकदा त्या म्हणाल्या, "मंगला, सोहम सुधारला हो! 'हं, मग?', 'अरेरे!', काय छान ऐकतो आता! पण त्याचा आवाज फुटलाय गं. इतक्या लवकर?"

मी म्हटलं, असा कसा एका रात्रीत आवाज फुटेल? त्यांच्याकडून नंबर घेतला, बघते तर एक आकडा चुकलेला. मी त्या नंबरवर लावला.

"कोण बोलतंय?"

"ड्रायव्हर आहे ताई. नाशिककडचा. धामनोदला ढाब्यावर गाडी अडकलीय, पुढं सोडत नाहीत."

"अहो, मग तुम्ही चार दिवस गोष्ट काय ऐकताय? राँग नंबर म्हणून सांगायचं ना!"

"सांगणार होतो ताई, पण फोन उचलल्या उचलल्या मावशींनी विचारलं, 'जेवलास का बाळा?' बारा दिवसांत कोणी विचारलं नव्हतं."

तोच पुढं म्हणाला, "ताई, आता पाच गाड्यांचे लोक बसतात ऐकायला. तेवढं त्या राणीला वनवासातून परत आणायला सांगा. एकाचं जेवण जात नाहीये."

मावशींना सांगितलं तर त्या माझ्यावरच चिडल्या. "राँग नंबर असेल तुझ्यासाठी!" गाड्या सुटेपर्यंत दोन्हीकडं फोन करायच्या, अकराला सोहम आणि बाराला ढाबा.

* * *

आता शेवटचा. हा मी कोणाला सांगत नव्हते, म्हणजे विचार करा!

मे संपत आला होता. आप्पांचा रोज संध्याकाळी मला फोन. "आज पोर हसली." "आज पोरीनं 'पुढं काय?' विचारलं." मुलगी पुण्याहून सांगायची, बाबा आता स्वतः पोळ्या लाटतात. मी निर्धास्त. एक दिवस भाजीच्या गाडीवर शुभदा भेटली.

"गौरीची गोष्ट मस्त चाललीय हं!" मी म्हटलं.

"कुठली गोष्ट? ताई, त्या पोपटानंतर मी तिला फोनला शिवू दिलं नाहीये."

माझ्या हातातली पिशवी पडली, टोमॅटो रस्ताभर! महिना झाला होता त्या गोष्टीला! मग आप्पा रोज कोणाशी बोलत होते? एकटेच? त्यांचं डोकं तर नाही ना फिरलं? आणि त्यांना हे कळलं तर? पुन्हा तोंड मिटून बसले तर पुण्याच्या त्या पोरीला मी काय सांगू?

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना मी शुभदाच्या दारात हजर. मी गौरीसाठी दिलेला नंबर शुभदाच्या वडिलांचा, तात्यांचा होता. शुभदा म्हणाली, ते या वेळी वर जपाला बसतात. मी जिना चढले. खोलीचं दार अर्धवट उघडं. आत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तात्या, भरघोस मिशा, मांडीवर तंबाखूची डबी, कानाला फोन, तोंडावर पंचा धरलेला आणि आवाज असा बारीक, की मी दोनदा डोळे चोळले.

"हं... मग?"

मी किंचाळणारच होते. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. गोष्ट संपेपर्यंत मी उंबऱ्यातच उभी, आणि हे आपले मधूनमधून नऊ वर्षांच्या पोरीसारखे "अय्या!" करतायत!

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तात्या, हे काय चाललंय?"

"गोष्टी बंद झाल्या, एवढंच सांगायला उचलला होता गं. तर पलीकडून दादाचा आवाज."

"कोण दादा?"

"माझा थोरला भाऊ. तुझे ते आप्पा."

मग तात्यांनी सगळं सांगितलं. वडील गेल्यावर घरातला गणपती कोणाकडे बसवायचा, यावरून दोघांचं वाजलं होतं. बावीस वर्षं अबोला. आप्पा दर महिन्याला देवासला येत, माझ्यासमोर दोन तास बसत, पण भावाचा 'भ' कधी काढला नव्हता त्यांनी! आणि वहिनी गेल्याचं तात्यांना तेराव्यानंतर तिसऱ्याकडून कळलेलं.

"मी आहे म्हटलं तर ठेवून देईल तो. 'हं' म्हटलं की सांगत राहतो." तात्यांनी त्याच पंच्यानं डोळे पुसले. "मंगला, त्याला कळू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

शपथेची गरजच नव्हती. आप्पांना कळलं तर ते बोलायचेच थांबतील, या धास्तीनं मी तोंडाला कुलूप लावलं. मी! आमचे हे तर म्हणाले, चव गेलीय का गं, टेस्ट करून घेऊ या का?

बसेस सुरू झाल्या तशी मी पुस्तकं घेऊन धारला गेले. आप्पांनी दार उघडलं. अंगावर चांगलं मांस आलं होतं, स्वतः चहा केला, दोन तास माझं डोकं खाल्लं. पण गौरीचा विषय निघाला की मी खिडकीबाहेर बघायची. कधी एकदा निघते असं मला झालं होतं.

निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेली एक छोटी बाटली माझ्या हातात दिली. आल्याचा पाक, स्वतः केलेला.

"त्या पोरीला दे. चार दिवस खोकतेय."

"देते, आप्पा." मी चपला घालायला खाली वाकले, तोंड दिसू नये म्हणून.

"आणि तिला म्हणावं, आता तरी तंबाखू सोड."