पट्टा थांबेना

कारखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण प्रोग्रॅम लिहायला अख्ख्या खात्याला त्यानंच शिकवलं होतं. सव्वीस वर्षांत त्यानं पाच भाषा पचवल्या. सहाव्या, रस्ट नावाच्या भाषेनं मात्र त्याच्या नाकी नऊ आणले.

इतर भाषांत तो एकच वस्तू बिनधास्त चौघांच्या हाती द्यायचा. रस्टमध्ये वस्तूचा मालक एकच. दुसऱ्यानं ती मागून घ्यायची, तीही ठरल्या वेळेपुरती. नियम मोडला की प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर झापायला हजर. पुस्तक वाचताना सगळं पटायचं, लिहायला बसलं की पाटी कोरी. आणि विचारणार कुणाला? सगळे त्याचेच विद्यार्थी!

खोकी वाहणाऱ्या पट्ट्याचा प्रोग्रॅम शुक्रवारी रस्टमध्ये चालला नाही, तर काम बाहेरच्या कंपनीला जाईल, असं व्यवस्थापकबाईंनी बजावलं होतं. मग मास्तरचं कारखान्यात कामच उरणार नव्हतं.

बुधवारी त्याला पळवाट सापडली. कंपायलर कुरकुरला की तिथं 'क्लोन' लिहायचं, म्हणजे वस्तूची नक्कल काढून द्यायची. सत्तरेक ठिकाणी त्यानं तेच केलं आणि कंपायलर एकदाचा गप्प झाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

शुक्रवारी बाईंसमोर पट्टा सुरू झाला. पट्टा थांबवायचं लाल बटण दाबायला होता मास्तरचा मेहुणा, पट्ट्यावरचा फिटर. दिवसभर त्याचे हात त्याच पट्ट्यात असत. त्यानं बटण दाबलं. पट्टा चालूच. पुन्हा दाबलं. एक खोकं टोकावरून धपकन खाली आलं, तेव्हा त्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मास्तरनं पडद्यावर प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासला. बटण दाबल्याची नोंद एका नकलेत होत होती आणि पट्टा भलत्याच नकलेकडे बघत होता. चूक कळली होती. ती सुधारायची कशी, ते काही केल्या सुचत नव्हतं.

"बटणच खराब असणार," मेहुणा बाईंना म्हणाला. "दाजींचा प्रोग्रॅम आहे, चुकेल कसा?" त्यानं पेचकस काढून झाकण उघडलं, वायरी तपासल्या, खिशातलं नवं बटण बसवलं. "चला, आता थांबतोय की नाही बघा."

त्यानं स्विच चढवला, बटण दाबलं. पट्टा चालूच राहिला.

"वायर आतून तुटली असेल," मेन स्विच पाडून तो पुन्हा झाकणाचे स्क्रू काढू लागला.

"बटण चांगलं आहे रे," मास्तर म्हणाला. "मलाच येत नाही."

मेहुण्यानं बाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दाजी, गप्प बसा ना. मी बघतोय ना वायर."